खंड्याच्या पोटातल्या शेवया

तीन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या घराजवळच्या वस्तीत अंगणवाडीत जंतनाशक गोळ्या देण्याचा कार्यक्रम होता. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, तेव्हापासून मी आणि बचत गटातल्या दोघी-तिघी मदतीला जातो. काम तसं सोपं. पोरांना रांगेत बसवायचं, पाणी भरून ठेवायचं आणि "गोळी चावून खायची बरं का, तशीच गिळायची नाही" हे शंभर वेळा सांगायचं. त्या दिवशी आयांसमोर मी छोटंसं भाषणही ठोकलं. नखं कापा, पोरांच्या पायात चपला घाला, माती खाऊ देऊ नका, जंत रक्त पितात आणि पोर वाळत जातं. टाळ्याबिळ्या झाल्या. छान वाटलं.

घरी आले तर कामाच्या मावशी अंगणात खराटा धरून उभ्या. मला बघून म्हणाल्या, "ताई, जरा इकडं या. ह्या कुत्र्याच्या हागणीत शेवया दिसायल्यात."

"शेवया कुठून येतील? कुणी घातल्या त्याला?" असं म्हणत मी वाकून बघितलं. पांढुरक्या, बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्यातली एक हलत होती.

सकाळी ज्या बाईनं चाळीस आयांना शहाणपण शिकवलं, तिच्याच अंगणात दुपारी हे. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावरचं हसू मला दिसलं.

खंड्या आमच्याकडे आला त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. आमच्या घरामागच्या गोठ्यात गल्लीतली काळी कुत्री व्यायली होती, पाच पिल्लं. लेकानं त्यातलं एक पिशवीत घालून आणलं, एक मागच्या घरच्या मुलानं नेलं. कुत्रं पाळायचं म्हणून काही ठरवलं नव्हतं. बहुतेक घरांत कुत्रं असंच येतं, मुलं आणतात आणि आईच्या गळ्यात पडतं.

पिल्लू गोंडस होतं. पोट तर असं टुमटुमीत, नगाऱ्यासारखं! सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या कौतुकानं म्हणायच्या, "दूध-पोळी मानवली गं लेकराला." मलाही तसंच वाटायचं. पण पोट तेवढं मोठं आणि बरगड्या मात्र हाताला लागतात, अंगावरचे केस रुक्ष आणि उभे, अधूनमधून खोकतंय, खाल्लेलं ओकतंय, कुंडीतली माती चाटतंय. हे सगळं मी रोज बघत होते. हेच एखाद्या पोराचं असतं तर मी त्याच्या आईला तिथंच धारेवर धरलं असतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र "लहान आहे, होतं असं" म्हणून सोडून दिलं. मागच्या घरी नेलेलं त्याचं भावंड आठ दिवसांपूर्वी मेलं होतं. थंडीनं गेलं म्हणून आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. थंडी कसली परभणीत फेब्रुवारीत!

मावशींनी शेवया दाखवल्यावर घरात तीन मतं पडली. आत्या म्हणाल्या, वावडिंगाचं पाणी पाजा, आमच्या वेळी पोरांना तेच द्यायचो. मेडिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, माणसाचीच गोळी अर्धी करून गुळात द्या, काही होत नाही. मुलांसाठी आणून ठेवलेली एक गोळी घरात होतीच. मी ती मोडायलाही घेतली होती. तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "अगं, चाळीस किलोच्या पोराची गोळी तीन किलोच्या जीवाला? विचारून तरी घे." एरवी यांचं मी फार ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं ते बरं झालं.

परभणीत राहण्याचा एक फायदा आहे. आपल्याकडे १९७२ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आधी ते इथल्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली होतं, आता नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना ते फक्त गायीबैलांचं वाटतं. मलाही वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि मी खंड्याला टॉवेलात गुंडाळून तिथं गेलो. रांगेत आमच्या पुढे एक लालबुंद कंधारी बैल, दोन शेळ्या आणि एका मुलीच्या मांडीवर मांजर. खंड्या एवढा मलूल होता की बैलाकडे बघून भुंकलासुद्धा नाही.

डॉक्टरांनी आधी त्याचा वरचा ओठ उचलला. "हिरड्या बघा," म्हणाले. गुलाबी असायला हव्यात, त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. गरोदर बायकांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त किती आहे त्याचा अंदाज आम्ही घेतो, ते मला कुणी शिकवावं लागत नाही. दीड महिना ज्याला कडेवर घेऊन फिरले, त्याचा ओठ मात्र मी एकदाही उचलून पाहिला नव्हता.

लेकानं सकाळची विष्ठा एका स्वच्छ डबीत आणली होती. तिची तपासणी झाली आणि तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. दोन प्रकारची अंडी होती. एक गोल, काळपट, जाड खरबरीत कवचाचं. ते गोलकृमीचं, म्हणजे आमच्या शेवयांचं. दुसरं लांबट, पातळ कवचाचं, आत द्राक्षांच्या घडासारखे बारीक गोळे. "हे अंकुशकृमीचं, काकू. खरं रक्त हे पितात," ती म्हणाली. शेवया दिसल्या म्हणून आम्ही आलो होतो, पण जीव घेणारा होता तो दुसराच, आणि तो साध्या डोळ्यांना विष्ठेत सहसा दिसत नाही. विष्ठा डांबरासारखी काळी आणि चिकट होते, हिरड्या फिक्या पडतात, पिल्लू निपचित होतं, एवढीच त्याची ओळख. लहान पिल्लू यात काही दिवसांत जाऊ शकतं. मागच्या घरचं कशानं गेलं असेल, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

खंड्याला सलाईन लागलं, लोहाचं औषध सुरू झालं आणि वजन करून मगच जंताचं औषध मिळालं. माणसाच्या गोळीचं मी विचारलं, तर डॉक्टर जरा रागावलेच. त्या गोळीतलं अल्बेंडाझोल कुत्र्यात रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर परिणाम करू शकतं. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला ते अंदाजानं द्यायचं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. कुत्र्यांसाठी पायरँटेल, फेनबेंडाझोल, प्राझिक्वांटेल अशी वेगळी औषधं असतात. सगळी सगळ्या जंतांवर चालत नाहीत आणि प्रत्येकाचा हिशेब किलोवर असतो. म्हणून मैत्रिणींनो, दुकानातून "कुत्र्याची जंताची गोळी द्या" एवढंच सांगून आणू नका. आधी वजन करा. काटा नसेल तर पिल्लाला घेऊन आपण वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. (आपलं वजन कुणाला सांगायची गरज नाही.)

औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी जे बाहेर पडलं, त्याचं वर्णन मी करत नाही, पुरवणी सकाळी चहाबरोबर वाचतात. पण घाबरू नका. बाहेर पडतायत म्हणजे औषध लागू पडलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा डोस घ्यायचाच, कारण औषध मुख्यतः आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतं. शरीरात इकडेतिकडे फिरणारी पिल्लावळ नंतर आतड्यात येऊन मोठी होते. आपण एक डोस देतो, कुत्रं टवटवीत दिसतं, आणि दुसरा डोस विसरतो. चूक इथंच होते.

मला एक प्रश्न छळत होता. पिल्लू आणलं तेव्हा जेमतेम महिन्याचं, आमच्याकडे दूध-पोळीशिवाय काही खाल्लं नाही, मग एवढे जंत आले कुठून? डॉक्टर म्हणाले, "आईकडून." काळीच्या अंगात, मांसपेशींमध्ये गोलकृमीच्या अळ्या झोपून असतात, वर्षानुवर्षं. ती गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लात शिरतात. उरलेल्या दुधातून जातात. अंकुशकृमी तर मुख्यतः दुधातूनच येतात. म्हणजे पिल्लू डोळे उघडायच्या आधीच जंत घेऊन आलेलं असतं. "दुधानं जंत होतात" हे आत्यांचं म्हणणं मी इतकी वर्षं हसून सोडून देत होते. गाईच्या दुधाबद्दल ते चूकच आहे, गुळा-साखरेबद्दलही. पण कुत्रीच्या दुधाबद्दल म्हातारी खरी ठरली! घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोन दिवस ऐकवलं.

म्हणूनच पिल्लाचं पहिलं औषध त्याच्या पंधराव्या दिवशी द्यायचं असतं. मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी. पिल्लांबरोबर आईलाही द्यायचं, कारण ती त्यांना चाटते आणि तिच्या पोटात पुन्हा जातं. गाभण कुत्रीचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आम्ही खंड्याला दहा आठवड्यांचा होईपर्यंत काहीच दिलं नव्हतं. लसी जंत काढून, पिल्लू सुदृढ झाल्यावर दिलेल्या बऱ्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, ती चुकवू नका.

आता खरी गोष्ट. खंड्या सुधारत होता, आठवड्याभरात हिरड्या गुलाबी दिसायला लागल्या. पण घरात वेगळीच ठिणगी पडली. माझ्या धाकट्या जाऊबाईंची चार वर्षांची लेक दिवसभर आमच्या अंगणात. खंड्या आणि ती एकाच मातीत लोळायची. त्यात पोरीला माती खायची सवय. लेकानं डॉक्टरांकडून ऐकलेलं जेवताना सांगून टाकलं, की कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर आतली अळी मोठी होत नाही, पण शरीरात भटकत राहते. यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. जाऊबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. आत्या म्हणाल्या, "उद्याच्या उद्या कुत्रं रानात सोडून या." जाऊबाई काही बोलल्या नाहीत, ताट सारून उठल्या. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? पोर त्यांची होती आणि कुत्रं माझ्या लेकानं आणलेलं.

बालरोगतज्ज्ञांकडे मीच दोघींना घेऊन गेले. त्यांनी पोरीला तपासलं, रक्त तपासायला लावलं, डोळे दाखवून घ्यायला सांगितलं. सगळं ठीक निघालं. रक्त थोडं कमी होतं, त्याचं औषध दिलं आणि मातीची सवय मोडा म्हणाले. कुत्रं घराबाहेर काढायचं का, असं जाऊबाईंनी विचारलं. ते म्हणाले, गल्लीत आठ कुत्री फिरतायत, त्यांचं काय करणार? त्यापेक्षा घरातल्याला औषध द्या आणि अंगण साफ ठेवा.

अंगण साफ ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते मला महाविद्यालयात समजलं होतं. ताज्या विष्ठेतलं गोलकृमीचं अंडं लगेच बाधत नाही. मातीत पडून त्यात अळी तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. अंकुशकृमीची अळी मात्र दमट मातीत आठवड्याभरात तयार होते आणि पायाच्या कातडीतून शिरते. माणसाच्या कातडीत शिरली तर नागमोडी लाल खाजरी रेघ उठते. म्हणजे विष्ठा त्याच दिवशी उचलली तर सगळी साखळीच तुटते. फिनेलनं अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी फरशीवर उपयोगी पडतं, मातीत नाही. आपला उन्हाळा ४४ अंशांवर जातो, त्यात अंकुशकृमीच्या अळ्या वाळून मरतात, पण गोलकृमीची अंडी फार चिवट. कुंडीच्या सावलीत, ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. पावसाळ्यात काळी माती चपलांना चिकटून घरभर येते, तेव्हा तर विचारूच नका.

आता हे रोज उचलायचं कुणी? कुत्रं लेकाचं, सकाळी वसमत रोडला फिरवून मिरवायचं यांनी, आणि घाण काढायची मी आणि मावशींनी! आधी आठवडाभर तसंच चाललं. मग मी एक जुनी सुपली आणि पिशव्यांचा गठ्ठा दाराशी टांगला आणि सांगितलं, ज्याच्या हातात पट्टा त्याच्या हातात सुपली. यांना रस्त्यात वाकायची लाज वाटायची. लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांच्या पोरी पण अनवाणी खेळतात त्या रस्त्यावर. त्यानंतर काही म्हणाले नाहीत. पिशवी घेऊन जातात. मावशींना मी हातमोजे आणून दिले. ते त्यांनी दोन दिवस घातले आणि खुंटीला लटकवले, तो वाद अजून चालू आहे.

अजून दोन जंत सांगायचे राहिले. एक फीतकृमी. कुत्र्याच्या गुदद्वाराशी किंवा त्याच्या गोधडीवर शिजलेल्या भाताच्या शितासारखे दाणे दिसले, ताजे असताना हलणारे आणि वाळल्यावर तिळासारखे, तर समजायचं. हा जंत पिसवांमुळे होतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्या पोटातली अळी आत जाते. म्हणून नुसतं औषध देऊन भागत नाही, पिसवा घालवाव्या लागतात आणि गोधडी गरम पाण्यात धुवावी लागते. कुत्रं बूड जमिनीवर घासत चाललं की लोक लगेच जंत म्हणतात. जंत असतीलही, पण पुष्कळदा तिथल्या ग्रंथी भरल्यामुळेही तसं होतं. डॉक्टरांना दाखवावं.

दुसरा जंत मात्र गंभीर आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. आमच्या गटातल्या एका बाईच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली, मोठं ऑपरेशन झालं. कॅन्सर असेल म्हणून घरच्यांनी आशा सोडली होती. निघाली ती पाण्याची गाठ, हायडॅटिड म्हणतात ती. तिला ती कुठून आली ते कुणीच सांगू शकत नाही, कारण ही गाठ वाढायला वर्षं लागतात. पण तिचा रस्ता ठरलेला आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत, फुप्फुसात अशा गाठी असतात. खाटकाकडे त्या कापून बाजूला टाकतात आणि कुत्री खातात. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून काही मिलिमीटरचे जंत होतात, एवढे बारीक की विष्ठेत कधी दिसायचे नाहीत आणि कुत्र्याला काही त्रासही होत नाही. त्यांची अंडी केसांना चिकटून, हाताला लागून, न धुतलेल्या कोथिंबिरीवरून माणसाच्या पोटात जातात. रविवारी मटण आणलं की यजमान प्रेमानं कच्चं छाटण कुत्र्याला टाकतात. आमच्याकडेही टाकायचे. आता नीट शिजवल्याशिवाय एक तुकडा मिळत नाही. ज्यांचं कुत्रं बाहेर असं काही खातंच, त्यांनी प्राझिक्वांटेल तीन महिन्यांनी नव्हे, दर सहा आठवड्यांनी द्यावं. आणि कुत्र्याला हात लावला की हात धुवायचेच, त्याचं तोंड आपल्या तोंडाला लावू द्यायचं नाही. पोरांना हे सांगताना मी आता फार आवाज चढवत नाही. अंगणवाडीतलं भाषणही जरा बदललंय. आता मी माझ्या अंगणातल्या शेवयांपासून सुरुवात करते. आया हसतात, आणि मग कुणीतरी मागून हळूच सांगते, "आमच्या बी कुत्र्याला तसंच व्हायलंय."

खंड्या आता तीन वर्षांचा आहे, एकोणीस किलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी दर तीन महिन्यांनी एक "खं" असतो. जाऊबाईंची लेक शाळेत जाते, आणि आता तीच आजीला "हात धुतले का?" म्हणून विचारते. आत्यांनी कुत्रं रानात सोडायचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्याच खाटेखाली ते झोपतं.

आणि काळी पुन्हा व्यायली. नसबंदी करून घेऊ म्हणता म्हणता यंदाही राहिलं, तो दोष आम्हा सगळ्या गल्लीचा. या वेळी चार पिल्लं आहेत, गोठ्यातच. जाऊबाई आणि मी डॉक्टरांना विचारून औषध आणून ठेवलंय, काळीचं पोळीत आणि पिल्लांचं पातळ, पिचकारीतून पाजायचं. काळी मला अंगाला हात लावू देत नाही, पण मावशींच्या हातचं खाते, म्हणून ते काम त्यांच्याकडे. परवा पिल्लं पंधरा दिवसांची होतील. वजनासाठी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा मागून ठेवलाय. कशाला पाहिजे, ते अजून त्याला सांगितलेलं नाही.